दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी

ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, हे जे ठोकळ वाक्य आपण शाळेत पाठ केले आणि पुढे आपल्या मुलांकडूनही पाठ करून घेतो, ते भिलाईसारख्या गावी, जेथे डिसेंबरअखेरच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि मेच्या दुपारी चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात जाऊन बसतो, वर्षातून फारच थोड्या वेळा खरे ठरते. हवा साधारण साडेचौदा अंशांवर असेल तेव्हा तो वेग ३४० भरतो. म्हणजे थंडीतल्या एखाद्या सकाळी, ऊन अंगणात पुरते उतरले नसेल तेव्हा. एरवी तो बहुधा त्याहून अधिकच असतो, आणि ही तफावत हिशेबात न धरल्यामुळे अकरावीच्या विद्यार्थ्याचे प्रयोगवहीतले उत्तर पुस्तकातील उत्तराशी जुळत नाही, बासरी शिकणाऱ्याची पट्टी पेटीशी जुळत नाही, आणि दोघेही आपल्या हातून काही चुकले असावे अशा समजुतीने निमूटपणे आकडे वा फुंकर ‘दुरुस्त’ करीत बसतात.

या दोघांसाठी, आणि भौतिकीचे पुस्तक मिटून बरीच वर्षे झाली असली तरी मुलांनी प्रश्न विचारल्यावर गप्प राहणे ज्यांना रुचत नाही अशा पालकांसाठी, हा लेखप्रपंच आहे. लागणारे सामान म्हणाल तर विजेच्या तारा ओवण्यासाठी मिळते तसली पीव्हीसीची नळी, मोजपट्टी, खोलीचे तापमान दाखवणारा साधा तापमापक आणि घरात असतीलच असे दोन मोबाइल. यांत तापमापक मी मुद्दाम मोजपट्टीच्या शेजारी ठेवला आहे. नळीची लांबी नोंदवून हवेचे तापमान न नोंदवणे म्हणजे निम्मीच मोजणी करणे होय.

प्रथम ध्वनी जातो कसा ते पाहू. चरोद्याच्या बाजूला भिलाईचे जे विस्तीर्ण मार्शलिंग यार्ड आहे, तेथे इंजिनाने मालडब्यांच्या उभ्या रांगेला एका टोकाशी धक्का दिला की प्रत्येक डबा जागच्या जागी जेमतेम हलतो, परंतु तो खणखणाट मात्र एका डब्यावरून दुसऱ्यावर जात पार शेवटच्या डब्यापर्यंत धावतो. हवेचे कणही तसेच आपल्या जागेच्या आसपासच मागेपुढे होतात, प्रवास करतो तो दाब. पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत नळीच्या आत नागमोडी रेघा काढलेल्या असतात, त्यांमुळे हवा नळीत वरखाली उसळते असा समज मुलांच्या मनात इतका पक्का बसतो की तो काढून टाकण्यातच शिक्षकाचा निम्मा तास जातो. त्या रेघा म्हणजे हवेचे चित्र नव्हे. कोठे कणांची हालचाल किती, याचा तो आलेख आहे, एवढे एकदा स्पष्ट सांगितले तर पुढचे बरेच सोपे होते.

हा दाबाचा धक्का किती वेगाने जातो ते कोरड्या हवेत केवळ तापमानावर ठरते. शून्य अंशावर सेकंदाला सुमारे ३३१ मीटर, आणि पुढे दर अंशाला साधारण ०.६ मीटरची वाढ, एवढा जाबता घरगुती मोजणीला पुरेसा आहे. त्या हिशेबाने १२ अंशांना सुमारे ३३८, २५ अंशांना ३४६, ३५ अंशांना ३५२ आणि ४४ अंशांना ३५७ मीटर येतात. आवाज मोठा केला म्हणून तो लवकर पोहोचत नाही. भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी आहे खरा, परंतु तापमान तेच असेल तर दाबाबरोबर घनताही त्याच प्रमाणात उतरते आणि वेग होता तेथेच राहतो. पावसाळ्याचा प्रश्न थोडा निराळा आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असल्यामुळे ३० अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरली असता वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरनी वाढतो; सबब जुलै-ऑगस्टात मोजणी करणाराने हा दोन मीटरचा फरक आधीच गृहीत धरावा.

तापमानाचा हा अंमल मान्य होण्यास मोठमोठ्या बुद्धिमंतांनाही पुष्कळ काळ लागला. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त हवेचा दाब आणि घनता यांवरून ध्वनीचा वेग काढला, तो प्रत्यक्षाहून सुमारे पंधरा टक्के कमी भरला. दाबली गेलेली हवा क्षणभर तापते आणि ती उष्णता बाहेर पडण्यापूर्वीच लाट पुढे निघून जाते, ही त्यातील गोम लाप्लासने पुढे उलगडून दाखवली. आपल्याकडे मद्रासच्या वेधशाळेतील जॉन गोल्डिंगहॅम याने १८२०-२१ च्या सुमारास सेंट जॉर्ज किल्ल्यावर आणि सेंट थॉमस माउंटवर सुटणाऱ्या तोफांचा उजेड आणि त्यांचा आवाज यांमधील काळ मोजून तेथल्या हवेतील ध्वनीचा वेग काढला. प्रत्येक मोजणीसोबत त्याने तापमान, वायुभार, आर्द्रता आणि वारा यांच्याही नोंदी ठेवल्या, आणि १८२३ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्या छापून आल्या. उष्ण देशात राहणाऱ्या प्रत्येकाने आदर्श म्हणून समोर ठेवावे असे ते दप्तर आहे. युरोपातील थंड हवेचा आकडा आयता न उचलता आपल्या गावच्या हवेचा आकडा आपण काढावा, एवढीच त्यामागची दृष्टी, आणि ती मला फार मोलाची वाटते.

आता नळीकडे वळू. दोन्ही तोंडे उघडी असलेल्या नळीच्या एका तोंडाशी दाबाचा धक्का आत शिरला, तो दुसऱ्या तोंडाशी पोहोचला, की तेथे त्याला मोकळी हवा भेटते. मोकळ्या हवेचा दाब सहसा हलत नसल्यामुळे दाटून आलेली हवा तेथे एकदम बाहेर फाकते आणि मागे विरळपणा सोडते; तो विरळपणा नळीतून उलट चालू लागतो. पहिल्या तोंडाशी परतल्यावर त्याचे पुन्हा तसेच उलटे होते आणि विरळपणाचे संपीडन बनते. याप्रमाणे जाऊन येऊन एक फेरी पुरी होताच स्थिती मूळपदावर येते. म्हणून लांबीची दुप्पट ही एका कंपनाची मजल, आणि नळीची मूळ कंपनसंख्या म्हणजे वेगाला दुप्पट लांबीने भागून येणारी संख्या. एक तोंड बंद केले तर तेथे उलटापालट होत नाही, फक्त उघड्या तोंडाशी होते, त्यामुळे मूळपदावर येण्यास दोन फेऱ्या लागतात आणि स्वर निम्म्यावर उतरतो. एवढी ही दोन वाक्यांची मीमांसा मनात ठसली, तर उघड्या आणि बंद नळीची सूत्रे पाठ करण्याचे प्रयोजनच उरत नाही.

हे कानाला पटवून घेण्यास अर्ध्या मीटरचा तुकडा हातात घ्यावा. त्याच्या एका तोंडावर तळहाताने चापट मारून हात तेथेच दाबून ठेवला असता एक खर्जातला ठोका ऐकू येतो. चापट मारताच हात झटकन काढून घेतला, तर त्याच्याच वरच्या षड्जाचा ठोका येतो. हात काढण्यास उशीर झाला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात, पण थोड्या सवयीने ते निराळे काढता येतात. रबरी चपलेच्या तळव्यानेही हे साधते, आणि घरातील लहान मंडळींना तोच प्रकार अधिक पसंत पडतो.

मूळ स्वराशिवाय नळीत आणखीही स्वर वस्तीला असतात. एका फेरीच्या अवधीत दोन, तीन, चार अशी पूर्ण कंपने बसतील त्या सर्व कंपनसंख्यांना उघडी नळी साथ देते. मूळ स्वर षड्ज मानला तर दुसरा संनादी स्वर तार षड्ज, तिसरा त्यावरचा पंचम, चौथा अतितार षड्ज, पाचवा त्यावरचा गंधार आणि सहावा पंचम. सातवा आपल्या कोमल निषादाच्या किंचित खाली पडतो, म्हणून तो कोणत्याच पेटीवर सापडत नाही. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो ऐकू येतो, तो हाच पाचवा. बंद नळीच्या वाट्याला मात्र यांतील पहिला, तिसरा, पाचवा असे विषमच येतात. बासरी उघड्या नळीच्या जातीची आहे याचा दाखला यातच आहे: सर्व छिद्रे बंद करून फुंकर जोराने घातली की ती तार षड्जावर उडी घेते, बंद नळी असती तर मधले सप्तक ओलांडून थेट पंचमावर गेली असती.

आता प्रत्यक्ष मोजणी. नळी सुमारे दोन सेंटिमीटर आतील व्यासाची घ्यावी. बाजारात सांगतात तो आकार बहुधा बाहेरचा असतो, म्हणून आतले माप स्वतः घ्यावे. तिचे एक मीटर आणि अर्धा मीटर असे दोन तुकडे करावे, तोंडे काटकोनात कापून काचकागदाने घासून घ्यावी. पंखा, कूलर बंद करावा. एका मोबाइलवर हवी ती कंपनसंख्या वाजवणारे ॲप घेऊन त्याचा आवाज लहान ठेवावा आणि तो नळीच्या एका तोंडापासून चार-पाच सेंटिमीटर अंतरावर धरावा. तोंडाला चिकटवला तर नळी अर्धवट बंद होते आणि स्वर खाली घसरतो. दुसऱ्या तोंडाजवळ, पण तेही न झाकता, कान किंवा दुसऱ्या मोबाइलचा मायक्रोफोन ठेवावा. मग कंपनसंख्या हळूहळू वाढवीत जावे. मध्येच आवाज एकाएकी भरदार होतो, थोडे पुढे गेल्यावर पुन्हा पडतो; जेथे तो सर्वांत भरदार, तेथे अनुनाद झाला असे समजून आकडा लिहून घ्यावा. मीटरभराच्या नळीचा मूळ स्वर मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यातून पुरेसा निघत नाही, त्यामुळे तो सापडला नाही तर खट्टू होऊ नये. दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा शोधावा व लागोपाठच्या दोहोंमधील अंतर काढावे. ते अंतर म्हणजेच मूळ कंपनसंख्या.

समजा खोली २५ अंशांवर आहे. मीटरभराच्या नळीसाठी वेग ३४६.१ ला दोनने भागून १७३ हर्ट्झ यावे अशी आपली अपेक्षा, परंतु हाती मात्र १७१ च्या आसपासचाच आकडा येईल: १७१, ३४२, ५१३, ६८४, ८५५. येथे पुष्कळ विद्यार्थी खोडरबर हाती घेतात. ते न घेता कारण शोधावे. तोंडाशी पोहोचलेली लाट अगदी कडेवरच उलटत नाही, किंचित बाहेर जाऊन उलटते, त्यामुळे ध्वनीच्या दृष्टीने नळी मोजपट्टीहून थोडी लांब असते. प्रत्येक उघड्या तोंडापाशी ही वाढ त्रिज्येच्या सुमारे ०.६ पट भरते. आपल्या नळीची त्रिज्या एक सेंटिमीटर असल्याने दोन्हीकडची मिळून सव्वा सेंटिमीटरला किंचित कमी. १०० च्या जागी १०१.२ सेंटिमीटर घेतले की हिशेब चोख उतरतो.

ही दुरुस्ती पुस्तकावर विसंबून न घेता काढून टाकण्याची युक्ती अधिक चांगली, आणि तेवढ्यासाठीच दुसरा तुकडा केला आहे. अर्ध्या मीटरच्या नळीची मूळ कंपनसंख्या याच खोलीत सुमारे ३३८ येईल. एकास १७१ ने भागले तर एका कंपनाचा काळ ०.००५८४८ सेकंद, ३३८ ने भागले तर ०.००२९५९ सेकंद, वजाबाकी ०.००२८८९. दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी होणारी वाढ सारखीच असल्याने ती या वजाबाकीत आपोआप गळून गेली, आणि उरला तो निव्वळ अर्ध्या मीटरच्या जाण्यायेण्याचा, म्हणजे एका मीटरचा काळ. एक मीटर भागिले ०.००२८८९ म्हणजे सेकंदाला ३४६ मीटर. तापमापकावरून काढलेल्या वेगाशी याची रुजवात घालावी. एक टक्क्याच्या आत जमले तर घरगुती साधनांनी केलेल्या कामाला याहून अधिक अपेक्षा करू नये.

अर्ध्या मीटरच्या नळीचे एक तोंड बुचाने घट्ट बंद करून पुन्हा तोच शोध घेतला तर तिचा मूळ स्वर मीटरभराच्या उघड्या नळीशी तंतोतंत जुळतो. परंतु उघड्या नळीत ३४२ शी भरदार होणारा आवाज येथे त्या ठिकाणी पडलेलाच राहतो आणि थेट ५१३ ला उठतो. मूळ स्वर एक असूनही दोन नळ्यांचा नाद निराळा का लागतो, याचे उत्तर या गाळलेल्या जागेत आहे.

आणखी एक प्रयोग, जो पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो आणि जो माझ्या मते सर्वांत बोलका आहे. मीटरभराच्या नळीच्या बरोबर मध्यावर सेंटिमीटरभराचे भोक पाडावे. मूळ स्वरात मध्यावरची हवा जागची हलत नाही, पण दाबाचा चढउतार तेथेच सर्वांत मोठा असतो. भोक पाडल्याने तो दाब बाहेर निसटतो आणि १७१, ५१३, ८५५ हे विषम अनुनाद आपली जागा सोडून वर सरकतात. ३४२ आणि ६८४ यांना मात्र धक्का लागत नाही, कारण त्यांच्या वेळी मध्यावर दाब मुळी हलतच नसतो. भोकावर बोट ठेवले की विषम मंडळी जागेवर परततात. बासरीवरील छिद्रांचे सारे शास्त्र या एका भोकात बीजरूपाने आहे.

विषय बासरीचा निघाला आहे तर ऋतूंचा हिशेब येथेच मांडतो. वरच्याच व्यासाची ६० सेंटिमीटरची उघडी नळी १२ अंशांच्या पहाटे सुमारे २७७ हर्ट्झवर बोलते, म्हणजे पेटीच्या काळी एकवर. तीच ४४ अंशांच्या दुपारी २९२ च्या जवळ, म्हणजे जवळजवळ पांढरी दोनवर जाते. भिलाईच्या एका वर्षात नळीचा षड्ज कोमल रिषभाला भिडतो तो असा. बासरीत वादकाचा उबदार श्वास आतली हवा तापवीत असल्यामुळे फरक इतका पडत नाही, पण पडतो. म्हणून थंडीत मैफलीपूर्वी बासरी थोडा वेळ फुंकून उबदार करून घ्यावी, आणि विकत घेताना दुकानदाराला पट्टी विचारण्याबरोबरच आपण ती कोणत्या ऋतूत पारखत आहोत हेही ध्यानात ठेवावे. पेटीचा स्वर धातूच्या पात्याच्या कंपनाने ठरतो, हवेच्या वेगाने नव्हे, त्यामुळे ती या चढउतारात सहभागी होत नाही; दोघांच्या कुरबुरीत बासरीवाल्यालाच नमते घ्यावे लागते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी २२ श्रुतींवरचा आपला ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला, त्यात श्रुतींची मापे तारेच्या लांबीवरून धरली. नळीचा असा ऋतुमानाशी लागेबांधा पाहिला म्हणजे त्या निवडीतील शहाणपण कळते. लांबी वाढली की स्वर उतरतो हे मात्र बासरीवाल्यांनी पुरेपूर वापरले आहे: पन्नालाल घोष यांनी रागविस्ताराला मंद्राची खोली यावी म्हणून बत्तीस इंचांच्या आसपासची लांब बासरी प्रचारात आणली, आणि आपल्या छत्तीसगढातील राऊत मंडळी बाँसगीतासाठी वाजवतात तो लांबलचक ‘बाँस’ही त्याच न्यायाने घुमतो.

नळीच्या भिंतीतूनही ध्वनी जातो, आणि लोखंडात तो हवेपेक्षा कितीतरी त्वरेने. फ्रेंच शास्त्रज्ञ बियो याने १८०८ साली पॅरिसमधील लोखंडी जलवाहिनीच्या ९५१ मीटर लांबीवर एका टोकाशी घाव घातला असता दुसऱ्या टोकाशी दोन आवाज ऐकू आले, आधी लोखंडातून आणि सुमारे अडीच सेकंदांनी हवेतून. आपल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात १३० मीटर लांबीचा सलग रूळ तयार होतो. त्याच्या एका टोकाचा घाव पोलादातून दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्श्याच्या आसपास पोहोचेल, हवेतून मात्र त्याला सेकंदाच्या तृतीयांशाहून अधिक काळ लागेल. हा हिशेब कागदावरच करावा. चालू मार्गाच्या रुळाला कान लावून पाहण्याचा मोह कोणीही धरू नये आणि मुलांना धरू देऊ नये.

दोन्ही नळ्या मोजून झाल्यावर त्यांवर पक्क्या शाईने लांबी, तारीख, तापमान आणि मिळालेली कंपनसंख्या लिहून ठेवावी व त्या माळ्यावर न टाकता हाताशी ठेवाव्या. जानेवारीच्या पहाटे एकदा आणि मेच्या दुपारी एकदा, कूलर सुरू होण्यापूर्वी, त्याच नळ्या पुन्हा मोजाव्या. मीटरभराच्या नळीचे आकडे त्या दोन वेळी १६७ आणि १७६ यांच्या आसपास आले, तर आपली मोजणी बरोबर आहे असे समजण्यास हरकत नाही.